लाल भुकटी

गोळ्यांनी गाडी टेम्पोतून उतरवली
आणि म्हणाले, "मागनं टक् करती.
पुढं घातली की एकदा, रिव्हर्स टाकला की एकदा.
मधी गप."

मधे गप बसणारा आवाज बेअरिंगचा नसतो.
बेअरिंग एकदा रडायला लागलं की
रिकामा डबा रस्त्यावरून ओढत न्यावा तसं रडत राहतं,
त्याला पुढं-मागं कळत नाही.

ओंडका, त्यावर जॅक, मागची दोन्ही चाकं अधांतरी.
एक हात चाकाच्या वर, एक खाली,
पाखडायला सूप धरावं तसं.
"वैजू, तू ॲक्सलकडं बघ. चाकाकडं नको."
आयटीआयची पोर, दुसरंच वर्ष, पण नजर पक्की.
"चाक हलतंय," ती म्हणाली. "ॲक्सल नाही."
दोन्ही हलले असते तर खर्च निराळा होता.

डावं चाक काढलं. हब उघडा पडला.
भोवती लाल भुकटी.

आता इथंच माणूस फसतो.
भिलारच्या या रस्त्याला सगळंच लाल:
सीटची शिवण, पर्यटकांचे पांढरे बूट,
स्ट्रॉबेरीच्या पेट्यांचे तळ,
माझ्या पोराच्या वह्यांच्या कडा.
एवढ्या जांभ्यात गंज ओळखायचा कसा?
उस्ताद दस्तगीर म्हणायचे, डोळ्यांना विचारू नको.
बोटांत चोळ.
माती कचकचते.
झिजलेलं लोखंड कचकचत नाही,
मऊ असतं, बोटांच्या रेषांत जाऊन बसतं
आणि साबणाला दाद देत नाही.

मी चोळली.
कचकचली नाही.

हबच्या पोटात दाते असतात, ॲक्सलच्या अंगावर दाते,
गच्च बसले तर दोघं मिळून एकच लोखंड.
केसाएवढी फट पडली की प्रत्येक धक्क्याला
एकमेकांना खायला लागतात.
ॲक्सलचे वाचले होते, नखाला अजून धार लागत होती.
हबचे चघळलेल्या उसासारखे.

"वेल्डिंग मारून टाका, नियाजभाई. मेपर्यंत निघंल."
मेपर्यंत निघंल, हे खरंच.
पण कुठल्या उतारावर निघंल ते सांगता येत नाही,
आणि मागं पोर बसलेलं असतं
बापाच्या पोटाला मिठी मारून.
नाही म्हणालो.

तोवर वैजूनं नट उजेडात धरला.
या नटाला तटासारख्या चऱ्या असतात,
दोन चऱ्यांमधून आडवी पिन जाते, नट फिरू नये म्हणून.
पिनेच्या जागी तार होती,
स्लॅबच्या सळ्या बांधतात ती, मधोमध तुटलेली.
"हे कुणी केलंय ओ?"

तारेचा पीळ उलटा होता.
पंचगणीपासून मेढ्यापर्यंत
उलटा पीळ देणारा मिस्त्री एकच. डावखुरा.
नाताळची गर्दी, रात्रीचे साडेअकरा, दुकानं बंद,
उद्या पिन टाकतो म्हणालो होतो.
त्या उद्याला तीन महिने झाले.

नवा हब साताऱ्याहून एसटीनं आला, दुपारी.
दाते पुसले, ग्रीस लावलं, नट चढवला,
टॉर्कचा पाना कट् बोलला.
खाच भोकासमोर आली नाही, थोडक्यात राहिली.
वैजूनं पाना उलटा फिरवायला धरला.
"मागं नाही," मी म्हणालो.
"जुळत नसलं तर पुढंच न्यायचं. जुळेपर्यंत पुढं."
नवी पिन. दोन्ही पाय वाकवले, एक इकडं, एक तिकडं.

बिलात हब लिहिला. मजुरीवर रेघ मारली.
गोळे हसले, "सीझनला एवढं मन मोठं?"
"तार माझी होती."
त्यांना लगेच कळलं नाही.
मग कळलं, तेव्हा ते गाडीकडं बघत राहिले, माझ्याकडं नाही.
"बाकीच्या तीन पण आणा," मी म्हणालो. "आजच.
तोवर कुणाला बसवू नका."

अंधार पडता पडता टेम्पोनं दोन खेपा केल्या.
तिन्ही गाड्या ओळीनं, मागची चाकं वर.
वैजू बॅटरी घेऊन प्रत्येक नटापुढं उकिडवी बसली
आणि मोठ्यानं सांगत गेली:
पिन.
पिन.
पिन.
तार.